वणवा, बेटं आणि आमची काजूची बाग

प्रश्न: जांबोटीकडं आमची काजूची बाग आहे, मार्चमध्ये वणवा आला की झोप उडते. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर गुरंवाले, जंगलवाले, आग विझवणारे एकमेकांना माहिती देतात असं वाचलं. त्याचा आम्हाला काय उपयोग ओ?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: उपयोग आहे की हो दादा, भरपूर आहे. बेटावर आग लागली तर बाहेरची मदत यायला मधे समुद्र, म्हणून जे आहेत त्यांनीच शहाणं व्हावं लागतं. तिथं पॅसिफिक फायर एक्सचेंज नावाचं काम चालतं, हवाई, ग्वाम अशा बेटांवरचे शास्त्रज्ञ, फायरवाले आणि जमीन सांभाळणारे त्यात एकमेकांना अनुभव सांगतात. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतल्या माउई बेटावरचं लहायना गाव जळालं, शंभरच्या आसपास माणसं गेली, वाचताना पोटात गोळा येतो. ऊस बंद पडून पडीक राहिलेल्या जमिनीत गवत माजलेलं, त्यात सोसाट्याचा वारा. त्यातलं एक गवत म्हणजे गिनी गवत, आपण बांधावर गुरांसाठी लावतो तेच! कापत राहिलं तर चारा, वाळून उभं राहिलं तर सरपण.

म्हणून तिथं मुद्दाम गुरं, शेळ्यामेंढ्या चारून गवत कमी करतात. तुम्हीपण जानेवारीतच बांधावरचं गवत कापून घ्या, झाडाखालचा पाला ओढा, जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढायची असेल तर वनखात्याला विचारूनच. आणि गावातल्या गुराख्यांना एकदा बसवून विचारा, आग कुठल्या ओढ्यातनं वर चढते, टँकर कुठपर्यंत जातो, ते कागदावर काढून पंचायतीत लावा.