पान १८ आणि पान १९

आईने पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि पोलिसांनी मुद्देमाल ठेवावा तशी माझ्या टेबलावर ठेवली. "पाहा मॅडम. नीटच्या अभ्यासाले पाठवलं पोरीले, अन् हे लिहून राहिली. यातल्या बाईशी बोलते एकटीच. डोक्यावर परिणाम त नाही न झाला?"

महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी मला हे विचारतं. कधी वहीऐवजी मोबाइलवरचा गेम असतो, कधी जपानी कार्टून. काळजी तीच, की पोरगं खोट्या जगात जाऊन बसलंय, परत येईल ना? (ओळख पटू नये म्हणून या मुलीचे काही तपशील बदलले आहेत.)

मुलगी १७ वर्षांची. वैनगंगेकाठच्या गावातून जूनमध्ये नागपुरात आलेली, नंदनवनच्या एका होस्टेलवर राहणारी. आईला बाहेर बसवून मी साधे प्रश्न विचारले. झोप? सहा-सात तास. जेवण? अर्धवट. वहीतली बाई खरोखर ऐकू येते का? यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू परिणाम माझ्याच डोक्यावर झालाय. "मॅडम, संवाद आहेत ते. मोठ्याने म्हटल्याशिवाय बरोबर वाटत नाहीत." लिहायची रोज तास-दीड तास, अभ्यास आटोपल्यावर.

कल्पनेत रमण्याचा त्रास होऊ शकतो, हे खरं आहे. इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये अशा दिवास्वप्नांवर लिहिलं, जी तासन्तास चालतात, आवरत नाहीत आणि अभ्यास, काम, माणसं सगळं गिळून टाकतात. इथे क्रम उलटा होता. माणसं आधी सुटली होती, वही मागून आली.

झालं होतं एवढंच. क्लासच्या दुसऱ्या आठवड्यात तिने हात वर केला आणि म्हणाली, "सर, हे मले नाही समजलं." वर्ग हसला. होस्टेलवरच्या एकीने तिचं नावच 'मले' पाडलं. त्या दिवसापासून पोरगी गप्प. मेसच्या रांगेत उभं राहायला नको म्हणून रात्री बिस्किटं, खिडकीशी बोलायला नको म्हणून मेट्रोचं तिकीट मशीनवरून.

तिला विचारून मी वही वाचायला घेतली. नायिकेचं नाव वैना. नदीकाठची पोरगी, दगडी किल्ल्याच्या शहरात लढाई शिकायला आलेली. तिथे रात्री राक्षस येतात, मारबतीएवढे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हिने नागपूरच्या इतवारीत काळी-पिवळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतले ते अवाढव्य पुतळे, पाहिली होती, ती थेट वहीत शिरली होती. (इतक्या वर्षांत मला हे सुचलं नाही, याचा जरा हेवाच वाटला.) पान १८ वर वैनाला तलवार उचलत नाही, सगळे फिदीफिदी हसतात. पान १९ वर ती एकटी सात राक्षस लोळवते.

"मध्ये काय झालं?"

"सहा महिने गेले."

"त्या सहा महिन्यांत काय झालं?"

"ते बोर आहे मॅडम. कोण वाचेल?"

इथे मी चूक केली. दुखणं सापडल्याच्या आनंदात लगेच म्हटलं, मग या आठवड्यात वर्गात एक प्रश्न विचारून ये. पुढचे दोन आठवडे ती आलीच नाही. पान १८ वरून १९ वर उडी मारायला मीच सांगितलं होतं.

ती परत आली तेव्हा आम्ही भीतीला गुण दिले, ० ते १००. ही मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची जुनी पद्धत. वर्गात प्रश्न विचारणं ९५. मेसमध्ये दुसरी पोळी मागणं ६०. ठेल्यावर तर्री पोहे मागणं ४०. मग खालून वर जायचं. एकेक गोष्ट भीती उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा करायची, मधूनच पळायचं नाही. पळालं की जिवाला लगेच बरं वाटतं, आणि पळालो म्हणूनच वाचलो असं मन धरून बसतं. पुढच्या वेळी भीती दुप्पट.

तिला पुढे नावाजलेला मानसशास्त्रज्ञ झालेल्या अल्बर्ट एलिसची गोष्टही सांगितली. मुलींशी बोलायला घाबरणारा १९ वर्षांचा पोरगा न्यूयॉर्कच्या बागेत महिनाभर रोज जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या बायकांशी बोलत राहिला. त्यानेच पुढे सांगितलेला हिशेब असा: १३० जणींजवळ जाऊन बसला, ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. भेटायला येते म्हणाली एकच, तीही आली नाही. पोरगी माझ्यासमोर पहिल्यांदा हसली. "मग फायदा काय झाला?"

"कुणी ओरडलं नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत. भीती गेली."

ठेल्यासमोरून ती दोनदा परत फिरली. तिसऱ्यांदा थांबली. घामाने हातातली नोट ओली झाली होती. तोंडातून आलं तेही घरचंच, "भाऊ, मले तर्री कमी द्या." पोहेवाल्याने वर न बघता विचारलं, "चना टाकू का ताई?" एवढंच घडलं. पाच दिवस ती रोज गेली. पाचव्या दिवशी गुण १५.

दर आठवड्याला वैनाचंही एक पान वाढायला लागलं. पहिले आठ दिवस वैना नुसती तलवार पुसते. मग गुरूच्या लक्षात येतं, हलत्या डोंग्यात उभं राहून राहून या पोरीचे पाय असे रोवले जातात की धक्का मारूनही हलत नाहीत. इतके दिवस कुणी तिच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं, सगळे हातांवर हसत होते. हे मी सुचवलेलं नाही.

डिसेंबरात तिने वर्गात प्रश्न विचारला. त्या वेळी गुण ५५ होते, म्हणजे भीती चांगलीच होती. मागून कुणीतरी 'मले' म्हणालं. सरांनी फळ्यावरची तिसरी पायरी पुन्हा सोडवून दाखवली आणि तिने ती उतरवून घेतली. ती होस्टेलवाली अजून तसंच चिडवते. हिने सध्या तिला राक्षस क्रमांक चार केलंय.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. "मॅडम, पोरगी अजून लिहूनच राहिली जी."

"लिहू द्या. अभ्यास?"

"तो करते. पण आता मलेच विचारते, तू लग्न होऊन आली तवा तुले भेव लागे का म्हणून. वैनाच्या मायचा भाग लिहायचा आहे म्हणते." मग थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. "मी त चार महिने सासूसमोर तोंड नव्हतं उघडलं. हे सांगू का जी तिले?"