मित्राच्या मांडीवर डोकं ठेवलं म्हणून पोरगं बिघडलं का?

"मना पोऱ्या बिघडी गया का ताई?" माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या वडिलांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. अमळनेरकडचं कापसाचं घर, मुलगा १९ वर्षांचा, जळगावला हॉस्टेलवर (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). झालं काय तर मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला त्याचा फोटो कुणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकला आणि चुलतभावांनी त्यावर नको नको ते लिहिलं.

मुलाशी वेगळं बोलले. म्हणाला, त्या दिवशी दोन विषय गेले होते मॅडम, घरी कसं सांगू कळत नव्हतं, तो काही बोलला नाही, नुसता केसातून हात फिरवत बसला. आता तोच मित्र समोर आला की मी हात खिशात घालतो. हे सांगतानाही त्याचे दोन्ही हात खिशातच होते.

मग वडिलांना विचारलं, तुम्ही आठवडी बाजारात दोस्तासोबत कसे चालायचे? जरा थांबून म्हणाले, करंगळीत करंगळी अडकवून. आणि कानबाई देवीच्या विसर्जनाला गळ्यात गळे घालून नाचायचो, रात्री ओट्यावर एकाच गोधडीत. कुणी काही म्हटलं का? "कोण म्हणणार, सगळेच तसे."

म्हणजे पोरं तीच आहेत, बघणारे बदललेत. रील्समधला मर्द कुणाला बिलगत नाही, आणि 'गे' शब्द गावात पोचला तो शिवी म्हणूनच, त्यामुळे साधा खांद्यावरचा हातसुद्धा पोरं आता चोरून घेतात. मला याचं फार वाईट वाटतं कारण बायकोचा हात हातात येईपर्यंत या मुलांना मायेने हात लावणारं मग कुणी उरतच नाही. (नको असलेला स्पर्श वेगळा, त्याला नाही म्हणायचा हक्क मुलग्यांनाही आहे.)

आणि समजा गे असलाच तर? खांद्यावरच्या हातावरून ते कळत नाही, त्याचं त्यालाच कळतं. गे असणं हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढलंय, २०१८ पासून आपल्याकडे तो गुन्हाही नाही. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांच्या दारात मात्र पोराला नेऊ नका, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

वडील अजून पूर्ण मोकळे झालेले नाहीत. पण परवा फोनवर म्हणाले, थंडीत भरीत करू तेव्हा त्या दोस्तालाही बोलावलंय. मुलगा त्या ग्रुपमधून बाहेर पडला तो पडलाच, मीही परत जा म्हटलं नाही.