सहकाऱ्याच्या बाटलीतून पाणी प्यायले, आता हर्पिस होईल का?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात ज्याच्या ओठावर फोड आला होता, त्याच्याच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलात. आज दहावा दिवस. ओठावर काहीही नाही, तरी दिवसातून दहादा आरशात बघणं सुटत नाही. मी दंतवैद्य आहे, असे ओठ नेहमी बघते, म्हणून उत्तर देते.

अशा पाणी पिण्यातून तुम्हाला हर्पिस, म्हणजे विषाणूमुळे ओठावर फोड येण्याचा आजार, होण्याची शक्यता फार फार कमी आहे. हा विषाणू पसरतो तो प्रामुख्याने थेट स्पर्शातून, म्हणजे फोड आलेला ओठ दुसऱ्याच्या ओठाला किंवा त्वचेला लागला की. विषाणूभोवती चरबीचं नाजूक आवरण असतं. साबणाने ते विरघळतं, कोरडं पडलं तरी विषाणू कमजोर होत जातो. ओल्या, नुकत्या फुटलेल्या फोडाला लागलेली वस्तू लगेच आपल्या ओठाला लावली तर धोका शून्य नाही. म्हणून अशा वेळी लिपस्टिक, रेझर, टॉवेल वेगळे ठेवावेत. पण धुतलेल्या चमच्याला, कपाला घाबरू नका. हातमोजे सर्रास वापरात येण्याआधी आमच्या पेशातल्या लोकांच्या बोटांना हा संसर्ग व्हायचा, कारण उघडं बोट थेट रुग्णाच्या तोंडात जायचं.

लागण झाली तर लक्षणं साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात. तुमचे बहुतेक दिवस सरलेच आहेत.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या कुणीतरी घेतलेल्या पाप्यातून मिळतो आणि पुष्कळांना कधीच कळत नाही. तो मज्जातंतूंच्या गाठीत पडून राहतो. ताप, कडक ऊन, जागरण झालं की कधीतरी वर येतो. त्यामुळे उद्या फोड आलाच, तरी तो त्या बाटलीमुळेच आला असं म्हणता येणार नाही. याच कारणाने लक्षणं नसताना रक्ताची तपासणी करू नका. लागण कधी, कुणाकडून झाली हे त्यातून समजत नाही, काळजी मात्र वाढते.

गालाच्या किंवा ओठाच्या आतून तोंड आलं, तर ते सहसा हर्पिस नसतं आणि संसर्गजन्यही नसतं. नागीणही वेगळी, ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते.

ओठाच्या कडेला चुणचुण, जळजळ होऊन बारीक पाणीदार फोडांचा पुंजका आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लवकर सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. फोडाला हात लावून तोच डोळ्याला लावू नका, बुबुळाला इजा होऊ शकते.

माझी कळकळ आहे ती तान्ह्या बाळांसाठी. बारशाला येणारे सगळेच कौतुकाने बाळाचा पापा घेतात, पण महिन्याच्या आतल्या बाळाला हा विषाणू लागला तर तो मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेतू शकतो. ओठावर फोड असेल, नुसती चुणचुण असेल, तरी तो पूर्ण बरा होईपर्यंत बाळाचा पापा घ्यायचा नाही, आणि आजी-आत्या असली तरी बाळाच्या आईने तिला स्पष्ट नको म्हणावं.