‘टोटल लॉस’ म्हणजे भंगार नव्हे. पण ते पत्र कुठं आहे?

प्रश्न : मॅडम, मी जुळे सोलापूरला राहतो, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी करतो. गेल्या ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या एका डीलरकडून विजापूर पासिंगची साडेतीन वर्षांची हॅचबॅक घेतली. एप्रिलच्या गारपिटीत तिच्या काचा फुटल्या होत्या, टप आणि बॉनेट चेचलं होतं, आत पाणी गेलं होतं. विमा कंपनीनं ‘टोटल लॉस’ केला होता, हे डीलरनं तेव्हाच सांगितलं. गाडीला १,६५,००० दिले (एक लाख रोख, बाकीचे फोनवरून), दुरुस्तीला अक्कलकोट रोडच्या गॅरेजमध्ये १,२०,००० गेले. गाडी नावावर करायचे, मूळ मालकाच्या सह्यांचे फॉर्म २९ आणि ३० माझ्याजवळ आहेत. विमा डीलरच्या माणसानं ऑनलाइन काढून दिला, जुन्या मालकाच्याच नावानं. जूनमध्ये मोहोळजवळ ट्रकनं मागून ठोकलं. कंपनीनं क्लेम नाकारला. आता आरटीओबाहेरचा एजंट म्हणतो, टोटल लॉसची गाडी नावावर होतच नाही. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीची आरसी (नोंदणीचं प्रमाणपत्र) आणून ‘जुळवून’ देतो, ४०,००० लागतील. विमा कंपनीवर केस करू का?

उत्तर : विमा कंपनीवर केस करू नका. आणि त्या एजंटला उद्या सकाळी पहिलं काम म्हणून ‘नको’ सांगा.

एजंटचं आधी सांगते, कारण ते सगळ्यात धोक्याचं आहे. दुसऱ्या गाडीची आरसी ‘जुळवायची’ म्हणजे एकतर चेसिस नंबर घासून दुसरा ठोकायचा, नाहीतर खोटे कागद करायचे. भंगारात निघालेल्या गाडीचे कागद चोरीच्या गाडीला लावायचा धंदा जुना आहे, आणि मोटार वाहन निरीक्षक चेसिस नंबरचा ठसा घेऊन पाहतो तो त्यासाठीच. फसवणुकीसाठी केलेल्या बनावट दस्तऐवजाला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आज तुम्ही फसलेलं गिऱ्हाईक आहात. ते ४०,००० दिलेत की आरोपींच्या यादीत जाल, आणि मग मलाच काय, कुणालाच तुमच्या बाजूनं फार काही बोलता येणार नाही.

आता मूळ गोष्ट. उन्हाळ्यात गारपीट झाली की पुढच्या चार-सहा महिन्यांत अशी पत्रं येतात. सोलापूर सीमेवरचं गाव, त्यामुळे त्यातल्या पुष्कळ गाड्या विजापूर नाहीतर कलबुर्गी पासिंगच्या असतात. प्रत्येक पत्रासोबत गाडीचे फोटो असतात, गॅरेजची बिलं असतात, सह्या केलेले फॉर्म असतात. जो कागद सगळं ठरवतो तो मात्र कुणाकडंच नसतो. तुमच्याकडंही नाही. मूळ मालकाला विमा कंपनीनं पैसे देताना जे सेटलमेंटचं पत्र दिलं, ते हवं आहे. त्यातली एकच ओळ हवी आहे : दावा आरसी मालकाकडं ठेवून मिटवला, की आरसी रद्द करण्याच्या अटीवर?

ही ओळ इतकी महत्त्वाची का, ते समजून घ्या. ‘टोटल लॉस’ हा मोटार वाहन कायद्यातला शब्द नाही, तो विमा पॉलिसीतला हिशेब आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते. आयडीव्ही ४ लाख असेल तर ३ लाखांपुढचं एस्टिमेट आलं की झालं. गारपिटीत हे सहज घडतं. नुसत्या खड्ड्यांनी नाही. पण पुढची-मागची काच फुटली, पाऊस तासभर आत पडत राहिला, वायरिंग, एअरबॅगचं यंत्र, सीट, डॅशबोर्ड सगळं कंपनीच्या वर्कशॉपनं नवीन धरलं, की आकडा पार होतो. तेच काम तुमच्या गॅरेजवाल्यानं १,२०,००० त केलं. गाडीचा सांगाडा शाबूत, चेसिस नंबर शाबूत, इंजिन चालू. म्हणजे ही गाडी दुरुस्त करणं कंपनीला परवडत नव्हतं, एवढाच टोटल लॉसचा अर्थ.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५५ वेगळंच बोलतं. वाहन नष्ट झालं असेल किंवा कायमचं निकामी झालं असेल, तर मालकानं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं, आरसी परत द्यायची, आणि मग नोंदणी रद्द होते. परवडत नाही आणि कायमची निकामी, या दोन गोष्टी एक नाहीत. तेव्हा ‘टोटल लॉसची गाडी नावावर होतच नाही’ हे एजंटचं वाक्य सरसकट खरं नाही. पण खोटंही म्हणता येत नाही. कारण विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारा सर्व्हेअर भंगाराची बोली बहुतेक वेळा दोन तऱ्हांनी घेतो, आरसीसह आणि आरसीशिवाय. आरसीशिवाय गाडीला बोली कमी येते, मालकाला कंपनीकडून जास्त पैसे मिळतात. मालकानं तो मार्ग घेतला असेल, आरसी जमा केली असेल, तर कागदोपत्री ही गाडी आता गाडी राहिलेली नाही. मग तुमच्याकडच्या फॉर्म २९ आणि ३० ला रद्दीइतकीच किंमत आहे.

नोंदणी चालू आहे की रद्द, हे परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून दिसतं. ऑगस्टमध्ये, पैसे देण्याआधी, डीलरच्या दुकानात उभं राहून पाहिलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही अकरा महिन्यांत एकदाही पाहिलं नाही, निदान तुमच्या पत्रात तसं कुठं लिहिलेलं नाही. २,८५,००० हे नोकरदार माणसाचे फार पैसे आहेत. त्यांच्यासाठी दोन मिनिटं काढायला हवी होती. असो. आज पाहा, आणि दिसेल त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा.

पोर्टलवर नोंदणी चालू दिसली तरी सेटलमेंटचं पत्र लागेलच. मालकानं कंपनीला ‘आरसी रद्द करून आणतो’ असं लिहून दिलं असेल आणि अर्ज कुठल्या तरी टेबलावर पडून असेल, तर तुम्ही नावावर करायला जाल तेव्हाच तो वर येईल. म्हणून मूळ मालकाला गाठा. विजापूर इथून शंभर किलोमीटर. फोनवर वेळ घालवू नका, जा. तो टाळाटाळ करेल असं तुम्हाला वाटत असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा : ही गाडी नावावर होण्याची त्याला तुमच्याहून जास्त गरज आहे. कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गाडी हातोहात कितीही विकली गेली तरी नोंदणीवर नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. तुमच्या हातून उद्या कुणी जखमी झालं तर नोटीस विजापूरला जाणार आहे. हे त्याला शांतपणे सांगा. धमकी म्हणून नको. त्याच्याही घरात माणसं आहेत, त्यालाही हे कुणी सांगितलेलं नसणार.

नोंदणी चालू आणि पत्रात रद्द करण्याची अट नाही, असं निघालं तर वाट मोकळी आहे, लांब असली तरी. कलम ५० प्रमाणे खरेदीदारानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. राज्याबाहेर विकणाऱ्या मालकाला ४५ दिवस असतात. दोन्ही मुदती कधीच्या गेल्या. त्यानं हक्क बुडत नाही, विलंबाचं शुल्क आणि दंड बसतो. विजापूरच्या आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र, मग सोलापुरात तपासणी, इथला कर, नवीन एमएच १३ नंबर. आधी गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ लागेल, तेही मालकालाच विचारा. वर्षभरापूर्वी सह्या केलेले फॉर्म चालवून घेतील यावर विसंबू नका, नवीन करून घ्या. विजापुरात किती फेऱ्या पडतील हे तिथल्या कामाच्या गतीवर आहे, मी तारीख सांगू शकत नाही.

नोंदणी रद्द झालेली निघाली तर मात्र मी खोटी आशा देणार नाही. कलम ५७ खाली नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशावर ३० दिवसांत अपील आहे. पण रद्द करून घेणारा स्वतः मालक असेल तर अपिलात सांगायचं काय, आणि नोंदणीत तुमचं नावच नसताना तुम्ही सांगायचं कसं, हे दोन्ही प्रश्न अवघड आहेत. तेव्हा गाडी सुट्या भागांसाठी किंवा नोंदणीकृत भंगार केंद्राला देऊन जे येईल ते घ्यायचं आणि उरलेल्यासाठी डीलरला धरायचं.

क्लेमबद्दल थोडक्यात. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावानं आहे, आणि ती काढली तेव्हा त्यानं गाडी विकलेली होती. गाडीचं नुकसान झालं ते तुमचं, पण पॉलिसीत तुम्ही नाही. पॉलिसीत तो आहे, पण त्याचं नुकसान नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नं विमा आपोआप नव्या मालकाकडं येतो असं पुष्कळ जण सांगतात. कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या खटल्यात १९९५ सालीच सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ते फक्त थर्ड पार्टीपुरतं, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीपुरतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी कंपनीशी वेगळा करार लागतो. तुमची पॉलिसी तर विक्रीनंतर काढलेली, त्यामुळे १५७ चा टेकूही नीट लागत नाही. त्यात प्रस्तावात ‘मागील वर्षी क्लेम नाही’ असं भरलं असेल (डीलरच्या माणसानं नो क्लेम बोनस घेतला आहे का, पॉलिसीवर पाहा), तर कलम १५०(२)(ब) प्रमाणे खोट्या माहितीवर घेतलेली पॉलिसी म्हणून कंपनी थर्ड पार्टीच्या दाव्यातही अंग काढू शकते. तेव्हा गाडी आजपासून रस्त्यावर काढू नका. चौकातल्या दंडाची भीती यात सगळ्यात लहान आहे. एखाद्याचा जीव गेला तर त्याच्या घरच्यांना द्यायला कंपनी नाही, तुम्हीही नाही, अशी वेळ येऊ देऊ नका.

गाडी नावावर झाली की नवीन विमा तुमच्या नावानं घ्या. गारपीट, टोटल लॉस, दुरुस्तीची बिलं, सगळं लेखी कळवा आणि गाडीची तपासणी मागा. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, विमा कंपनी देईलच असं नाही. दिला तरी आयडीव्हीवर घासाघीस होईल. थर्ड पार्टीला सहसा अडचण येत नाही.

डीलरबद्दल. गाडी टोटल लॉसची आहे हे त्यानं सांगितलं होतं, तेव्हा ‘गाडी खराब निघाली’ ही तक्रार टिकणार नाही. नोंदणी रद्द असेल आणि ते लपवलं असेल तर तक्रार भक्कम आहे : गाडी म्हणून विकली, निघालं भंगार. त्याचा वकील करार कायद्याच्या कलम १९ चा अपवाद काढेल, की साधी दक्षता घेतली असती तर खरं कळलं असतं. तुमची दोन मिनिटं इथं पुन्हा आडवी येणार. तरी डीलर हा रोज हाच व्यवहार करणारा माणूस आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. त्याच्याकडं ते आहे का, माहिती अधिकारात विचारा. नसेल तर तुमचं पारडं जड होतं.

तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, तुम्ही इथं राहता एवढं पुरतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत २ वर्षांची, आणि ती ऑगस्टपासून मोजा, क्लेम नाकारल्यापासून नको. तक्रार तीन महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. माझ्या अनुभवात पहिलं वर्ष नोटीस बजावण्यात आणि तारखा घेण्यातच जातं, आणि त्याची मला दर वेळी चीड येते; पण म्हणूनच दाखल करायला उशीर नको. एक लाख रोख दिल्याची पावती नाही, हे दुखणं आहे. त्याच्यावर उपाय म्हणजे त्या काळातले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि बँकेतून रोकड काढल्याची नोंद. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. कोर्टात ते द्यायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मूळ फोन जवळ असणं बरं.

ट्रकचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मागून ठोकलं असेल तर चूक वरकरणी त्याची आहे, आणि त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येते. मोटार अपघात दाव्याला कायद्यात ६ महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणजे डिसेंबर. दावा कुणाच्या नावानं करायचा हा वाद निघेल, कारण नोंदणी विजापूरच्या गृहस्थांच्या नावानं आहे. त्यांना भेटायला जाल तेव्हा मोहोळ पोलिसांतली नोंद किंवा पंचनाम्याची प्रत सोबत न्या, आणि सेटलमेंटच्या पत्राची झेरॉक्स घेतल्याशिवाय परत येऊ नका.