"एआय आल्यावर माझं काय राहिलं?" एका स्टोरीबोर्ड आर्टिस्टची केस

एडिटर, व्हॉइस आर्टिस्ट, कॉपीरायटर, डिझायनर, क्रिएटिव्ह मीडियातलं कुणीही माझ्याकडे सल्ल्यासाठी आलं की हल्ली प्रश्न साधारण एकच असतो, "माझं काम आता मशीनच करतंय, मग मी काय करू?" त्यातली एक केस सांगते. तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती जाहिरातींचे स्टोरीबोर्ड काढायची, म्हणजे शूटिंगच्या आधी प्रत्येक शॉट कसा दिसेल ते फ्रेम बाय फ्रेम चितारून द्यायचं. २०२२ मध्ये मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन वगैरे शब्दांवरून चित्र बनवणारी एआय टूल्स कुणालाही वापरता यायला लागली आणि हळूहळू तिचे जुने क्लायंट स्वतःच प्रॉम्प्ट (काय हवं त्याचं वर्णन) टाकून फ्रेम बनवायला लागले. एकाने तर तशा बनवलेल्या फ्रेम तिलाच पाठवल्या, म्हणाला फक्त एआयने चुकवलेली हाताची बोटं नीट करून दे, आणि पैसे निम्म्याहून कमी. ती मला म्हणाली, "मॅडम, काम गेलं त्याचं एवढं नाही हो, पण बोटं दुरुस्त करायला ठेवलंय मला."

सगळे तिला सांगत होते नवीन टूल शिकून घे, कोर्स लाव. सल्ला बरोबरच आहे, पण तेव्हा तिला तो झेपणारा नव्हता. ज्यात वर्षानुवर्षं हात बसवला ते मशीन काही सेकंदात करतं हे डोळ्यांनी बघणं म्हणजे नुसता पैशाचा तोटा नसतो, आणि ते दुःख कुणी मान्यच केलं नाही तर माणूस कोर्स अर्धवट सोडतो आणि वर स्वतःलाच आळशी म्हणत बसतो. तिने स्वतःसाठी चित्र काढणंही बंद केलं होतं, रात्री उशिरापर्यंत "हे जॉब संपणार" टाइपचे व्हिडिओ बघत जागी असायची. आम्ही आधी त्यावरच बोललो, टूलचा विषयसुद्धा काढला नाही.

नंतर मी तिला एक जुनं प्रोजेक्ट निवडायला सांगितलं आणि ब्रीफ (काय हवं ते सांगणारी क्लायंटची सूचना) आल्यापासून फायनल पाठवेपर्यंत जे जे केलं ते सगळं लिहून आण म्हटलं, फोनकॉल धरून. यादी आली त्यात प्रत्यक्ष ड्रॉइंग निम्म्याहून कमी होतं. बाकी काय होतं तर डायरेक्टरला विचारलेले प्रश्न (दार उघडतं तेव्हा कॅमेरा आत आहे की बाहेर), दोन शॉटचं काम एकात होतंय हे दाखवून देणं, मागच्या फ्रेममध्ये डाव्या हातात असलेला ग्लास पुढे उजव्या हातात गेला नाही ना हे बघणं. आणि मध्येच एका ओळीत लिहिलेलं, "म्हाताऱ्याला वाईट बातमी कळते तेव्हा चेहरा नको, पाठ दाखवा असं सुचवलं." शूट तसंच झालं होतं. मी विचारलं याचे पैसे कशात लावले होते? म्हणाली, कशातच नाही, रेट पर फ्रेम होता.

गोची इथेच होती. मशीनने जे स्वस्त केलं तेच ती विकत होती आणि डायरेक्टरला जे खरं लागत होतं ते फुकट देत होती.

मी तिला फिल टिपेटबद्दल सांगितलं. 'जुरासिक पार्क'च्या वेळी (१९९३) तो स्टॉप मोशनवाला, म्हणजे पुतळे थोडे थोडे हलवत एकेक फ्रेम टिपून प्राणी जिवंत करणारा, आणि डायनासोर कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. पण प्राणी वजन कसं टाकतो, वळताना आधी काय हलतं हे त्याला आणि त्याच्या टीमला माहीत होतं, म्हणून त्यांना ठेवून घेतलं. सांध्यांवर सेन्सर लावलेला सांगाडा बनवला, तो हाताने हलवायचा आणि ती हालचाल कॉम्प्युटरमधल्या डायनासोरला मिळायची. अर्थात प्रत्येकाला अशी जागा मिळत नाही, आणि हे मी तिला स्पष्ट सांगितलं. विशेषतः नवख्यांचा हात ज्या छोट्या कामांवर बसतो ती कामं आधी जातात, याची मला खरंच काळजी वाटते.

दुसरं, काँट्रॅक्ट. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते, तेव्हा त्यांनी लिहून घेतलं की एआयला लेखक धरायचं नाही, लेखकावर एआय वापरायची सक्ती नाही, आणि कंपनीने एआयने बनवलेलं मटेरियल दिलं तर तसं सांगायचं. हा करार त्यांच्या युनियनपुरता होता, पण तेच प्रश्न कुणीही आपल्या मेलमध्ये विचारू शकतं: माझ्या फाइल्सवर एआय मॉडेल ट्रेन करणार (त्या वापरून एआयला शिकवणार) का? तुम्ही पाठवलेल्या फ्रेम कशा बनवल्यात? व्हॉइस आर्टिस्ट असाल तर माझ्या आवाजाचा क्लोन (एआयने हुबेहूब नक्कल) करणार का, कशासाठी, किती काळ आणि त्याचे वेगळे पैसे काय, हे रेकॉर्डिंगच्या आधी लेखी घ्या, नंतर कुणी देत नाही.

तिने पर फ्रेम रेट बंद केला. आता स्क्रिप्ट वाचन आणि डायरेक्टरसोबतची मीटिंग धरून दिवसाचा रेट लावते, बॅकग्राउंड आणि लाइटच्या रेफरन्सला एआय वापरते, माणसं हाताने काढते. जुन्या क्लायंटपैकी एक तयार झाला, एक कायमचा गेला. बोटं दुरुस्त करायचं काम तासावर घेते नाहीतर नाही म्हणते. स्केचबुक परत उघडलंय. झोप मात्र अजून पूर्ण बसलेली नाही, त्यासाठी तिला डॉक्टरांकडेही पाठवलंय, आणि तुमचीही झोप अशी आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर रेट, पोर्टफोलिओ, कोर्स सगळं नंतर, आधी तेवढं दाखवून घ्या.