राउटर बंद करून काय साधलं?

प्रश्न : आमचे आठ माग आहेत. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, गणिताची केटी आहे. गेले दोन महिने रात्र रात्र जागून ‘सी’मध्ये फाइली पाठवायचा कसलासा प्रोग्राम लिहितोय. विचारलं तर म्हणतो, कमांड पार्स करतोय. ‘सी’ तर पहिल्याच वर्षी झाली, आणि हे एफटीपी म्हणे ब्राउझरमधूनही काढून टाकलंय. शेजारच्यांची मुलगी डेटा सायन्स करून पुण्यात लागली. मी रात्री दहाला राउटर बंद करतो, तरी याचं चालूच. सहा महिन्यांचा एआयचा कोर्स बघितलाय, फी 1 लाख 10 हजार, प्लेसमेंटची हमी आहे. आईच्या नावची एफडी मोडून भरणार आहे. भरू का? तो झोपल्यावर त्याच्या स्क्रीनचा फोटो काढलाय, सोबत जोडतो. घरातल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप केलंय, चूकभूल द्यावी घ्यावी.
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर : भरू नका. हमी देणाऱ्यांकडे ती हमी लेखी मागा आणि अटींचं पान घरी आणून सावकाश वाचा. एफडी वाचेल.

तुमचा प्रश्न इथे संपला. माझा इथून सुरू होतो. केटी, फी, पुण्यातली नोकरी या गोष्टी माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या पत्रात असतात. मुलगा झोपल्यावर काढलेला त्याच्या स्क्रीनचा फोटो पहिल्यांदाच आला. वीस वर्षांच्या मुलाच्या टेबलाशी रात्री जाऊन, त्याला न सांगता, त्याच्याविरुद्धचा पुरावा गोळा करावा असं तुम्हाला वाटलं, ते का? तो जुगार खेळत नाही, कर्ज काढत नाही, कॉलेज बुडवतो असंही तुम्ही लिहिलेलं नाही. तो काय करतो ते तुम्हाला कळत नाही, एवढंच आहे. न कळणाऱ्या गोष्टीची भीती वाटते हे मी समजू शकते, पण त्यावर विचारणं हा उपाय आहे.

तुम्ही म्हणाल, विचारलं की. हो, एकदा विचारलंत आणि त्याने खरं, नेमकं उत्तर दिलं. तुम्हाला ते उडवाउडवीचं वाटलं. माग अडला तर जॉबरला ‘काय करतोयस’ एवढंच विचारून तुम्ही परत गादीवर येऊन बसता का? शेजारी उभे राहता, वाकून बघता, हा पट्टा का सैल झाला म्हणता. मुलाला तो दुसरा प्रश्न विचारलाच गेला नाही. शेजारच्यांची ती मुलगी तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन जाते, पण तुमच्या घरात ती रोज रात्री जेवायला बसत असणार, असा मला दाट संशय आहे. तिचं चांगलं झालं, आनंद आहे. तिला आता तिच्या घरी जेवू द्या.

आता तो फोटो. पाठवायला नको होता, पण पाठवलाच आहे तर मी तो ओळ न् ओळ वाचला. समुपदेशनात येण्याआधी मी अकरा वर्षं ‘सी’वरच पोट भरलं, त्यामुळे हात शिवशिवले.

तुमचा मुलगा एफटीपी सर्व्हर लिहितोय, म्हणजे दुसऱ्या यंत्राने मागितलेली फाइल देणारा आणि पाठवलेली ठेवून घेणारा प्रोग्राम. समोरचं यंत्र तारेवरून साध्या अक्षरांत एक ओळ पाठवतं : ‘यूझर’ आणि पुढे नाव. मग ‘पास’ आणि पुढे पासवर्ड. मग अमुक फाइल दे, तमुक फाइल घे, आणि शेवटी ‘क्विट’. प्रत्येक ओळ वाचायची, त्यातला हुकूम कुठला आणि तो कशावर बजावायचा ते वेगळं काढायचं, आणि तीन आकडी उत्तर द्यायचं. नाव मिळालं, आता पासवर्ड दे, याला 331. आत आलास, याला 230. हुकूमच कळला नाही, तर 500. यालाच तो कमांड पार्स करणं म्हणतो. फोटोच्या खालच्या भागात मला 503 दिसला. नाव न सांगता कोणी थेट पासवर्डच पाठवला, तर ‘क्रम चुकला’ म्हणून हे उत्तर द्यायचं असतं. हे यूट्यूबवरची कामचलाऊ नक्कल उतरवणारा सहसा लिहीत नाही. ज्याने 1985 चा सत्तरेक पानांचा मूळ दस्तऐवज, आरएफसी 959, स्वतः उघडून वाचला तो लिहितो. तिसऱ्या वर्षाच्या किती मुलांनी असा एखादा दस्तऐवज उघडलाय, हे त्याच्या वर्गात विचारून बघा. आणि जाता जाता, या एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल 1971 मध्ये लिहिणारे अभय भूषण आपलेच, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे. तेव्हा ते अमेरिकेत एमआयटीत होते.

‘ब्राउझरमधूनही काढून टाकलंय’ हे तुमचं वाक्य खरं आहे, आणि त्यावरून काढलेला अर्थ साफ चुकीचा. 2021 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही एफटीपी काढून टाकलं. जुन्या एफटीपीत पासवर्ड उघड्यावर जातो, वाटेत बसलेल्या कोणालाही वाचता येतो, तेव्हा काढलं ते बरंच केलं. पण तुमचा मुलगा एफटीपीचं दुकान टाकायला निघालेला नाही. अनोळखी माणसाने पाठवलेली ओळ विश्वास न ठेवता कशी वाचायची, हे तो शिकतोय. ईमेल पोचवणारं एसएमटीपी असंच ओळीओळीने बोलतं आणि अशीच तीन आकडी उत्तरं देतं. वेबवर पान सापडलं नाही की 404 दिसतो, तोही त्याच घराण्यातला. आज असंख्य वेबसाइटींच्या पोटात चालणारं, माहिती साठवणारं रेडिस हे सॉफ्टवेअर ‘सी’मध्ये लिहिलेलं आहे आणि त्यालाही तारेवरून येणारे हुकूम सोडवूनच वाचावे लागतात. ही ओळ वाचण्यात हयगय झाली की काय होतं, ते नोव्हेंबर 1988 मध्ये दिसलं. एका सेवेने 512 अक्षरांची जागा ठेवली होती आणि आलेली ओळ किती लांब आहे ते तपासलंच नव्हतं. मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा प्रोग्राम त्या फटीतून शिरला आणि अमेरिकेतली हजारो यंत्रं आडवी झाली. ज्या फंक्शनमुळे ती फट राहिली, ते ‘गेट्स’, ‘सी’च्या 2011 च्या अधिकृत मानकातून काढूनच टाकलं. पहिल्या वर्षी ‘सी’ झाली म्हणता, तेव्हा तुमच्या मुलाची पाच युनिटं झाली होती. ‘सी’ आत्ता चालली आहे.

पुढचा भाग मुलाला वाचायला द्या. फोटोचंही सांगा, लपवू नका.

तर मित्रा, तुझं कौतुक वर झालं, आता चुका. त्या गंभीर आहेत. तू ‘सी’तल्या ‘स्ट्रटॉक’ला सांगून प्रत्येक मोकळ्या जागेपाशी ओळ तोडतोस. ‘यूझर’साठी निभावेल. पण कोणी ‘जीएसटी रिटर्न मार्च’ नावाची फाइल मागितली की तुझा सर्व्हर ‘जीएसटी’ नावाची फाइल शोधत बसणार आणि नाही म्हणून 550 सांगणार. पहिल्या मोकळ्या जागेपर्यंत हुकूम, त्यानंतर ओळ संपेपर्यंत सगळं एकच. शिवाय नुसतंच ‘यूझर’ आलं, पुढे काही नाही, तर स्ट्रटॉक तुला नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतो आणि तू तो तसाच ‘स्ट्रकॉपी’ला देतोस. तिथे सर्व्हर कोसळेल. उत्तर 501 हवं. आणि नाव ठेवायला 32 अक्षरांची जागा घेऊन लांबी न बघता त्यात नकल करतोस. 1988 ची गोष्ट वर मी तुझ्या वडिलांसाठी लिहिली नव्हती. ‘स्ट्रकम्प’ने तुलना केल्यामुळे लहान लिपीतलं ‘यूझर’ तुला ओळखता येणार नाही. दस्तऐवज म्हणतो लहानमोठी अक्षरं सारखीच माना. तेवढं पान तू गाळलंस.

पण खरी चूक याहून खोल आहे आणि ती तुला तुझ्या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही. तू ‘रीसीव्ह’ एकदा बोलावतोस आणि जे हातात येईल ती एक पूर्ण कमांड आहे असं धरून चालतोस. खालून माल वाहणारं टीसीपी ओळी पोचवत नाही, बाइटींचा नळ सोडतं. एका वेळी अर्धी ओळ येईल, कधी दीड, कधी दोन एकदम. आलेलं साठवत जायचं, ओळ संपल्याची खूण सापडली की तेवढीच कापून वाचायची, उरलेलं पुढच्या खेपेसाठी जपायचं. मीही तुझ्याच वयाच्या आसपास हेच केलं होतं. आमच्या ऑफिसात सहा महिने बिनबोभाट चाललेला प्रोग्राम ग्राहकाच्या सॅटेलाइट लिंकवर पहिल्याच दुपारी 500 च्या रांगा लावून बसला. दोन रात्री मी दोष ग्राहकाच्या यंत्रात शोधत होते. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आलेला एकेक तुकडा छापून दाखवला, ‘यू’ ‘एस’ एका ओळीवर, ‘ई’ ‘आर’ दुसऱ्या. त्यानंतर आठवडाभर मी कॅन्टीनला गेले नाही.

हे नीट केल्याशिवाय नवीन हुकूम वाढवू नकोस. चार हुकूम कळणारा पण न पडणारा सर्व्हर मुलाखतीत दाखवता येतो. चाळीस हुकमांचा लंगडा दाखवलास तर समोरचा पाच मिनिटांत पाडेल. आणि केटी काढ. तुझ्या वर्गातल्या पायथॉनवाल्या पोरांपेक्षा तू हुशार असशीलही, पण निकालपत्रकात केटी दिसली की कित्येक कंपन्या कोड बघायच्या आधीच नाव खोडतात. गेट, सीडॅकची सी-कॅट, कंपन्यांच्या ॲप्टिट्यूड परीक्षा हे रस्ते तुझ्या वर्गात सगळ्यांना पाठ आहेत. त्यातला सीडॅकचा एम्बेडेडचा, म्हणजे यंत्रांच्या पोटातल्या कॉम्प्युटरचा, डिप्लोमा तेवढा नीट बघ, बाकी मी लिहीत नाही.

दोघांसाठी एक कडू गोष्ट. ‘सी’ येते म्हणून कॅम्पसमध्ये कोणी हार घेऊन उभं नसतं. फ्रेशरच्या जागा जावा आणि वेबवाल्यांनाच जास्त. पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं, स्टोरेजचं, नेटवर्कच्या उपकरणांचं काम करणाऱ्या कंपन्या आहेत, तिथे ही विद्या लागते. पण त्या दरवाजाशी पोचायला वर्ष-दोन वर्षं जास्त लागू शकतात, आणि त्या काळात पहिला पगार शेजारच्यांच्या मुलीपेक्षा कमी असेल. ते घरात चालणार नसेल तर आत्ताच बोला. मुलगा जावाही शिकू शकतो, त्यात पाप नाही. फक्त ते त्याने ठरवू दे.

आता राउटरचं. रात्री दहाला तुम्ही तो बंद करता आणि तरी ‘याचं चालूच’ याचं तुम्हाला आश्चर्य वाटतं. त्याचा सर्व्हर आणि त्याच्याशी बोलणारा प्रोग्राम, दोन्ही त्याच्याच लॅपटॉपवर आहेत, 127.0.0.1 या पत्त्यावर. हा पत्ता लॅपटॉपबाहेर जातच नाही. तुम्ही दोन महिने त्याच्या आईचं व्हॉट्सॲप बंद करताय.

उलट आता त्याला राउटर लागणार आहे, दोन कॉम्प्युटर जोडायला. एका रविवारी रात्री तो चालू ठेवा आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरवर स्वतः बसा. त्यात विंडोज असेल तर मुलाला त्यातला टेलनेट क्लायंट, म्हणजे टाइप केलेलं दुसऱ्या यंत्राला पाठवणारा प्रोग्राम, सुरू करून द्यायला सांगा. तो बहुधा बंदच असतो, मुलाला माहीत असेल. मग त्याच्या लॅपटॉपच्या घरातल्या नेटवर्कवरच्या पत्त्याला (127.0.0.1 नव्हे) जोडून घ्या आणि ‘यूझर’ टाइप करा, नेहमीसारखं, एका बोटाने. विंडोजचं टेलनेट ओळ पूर्ण व्हायची वाट बघत नाही, दाबलेलं प्रत्येक अक्षर त्या क्षणी पाठवून देतं. त्याच्या चुकीसाठी तुमच्यापेक्षा चांगली परीक्षा मला सुचत नाही. ‘यू’ दाबल्याबरोबर पलीकडून 500 आला, तर टाइप करायचं थांबवा आणि त्याच्या स्क्रीनकडे बघत त्याला विचारा, की हे असं का झालं.