झिजलेला गुडघा आणि मूलपेशी

प्रश्न : माझी आई ६२ वर्षांची आहे. कांद्याच्या लागवडीत आणि निंदणीत वर्षानुवर्षे उकिडवे बसून तिचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. मूलपेशींच्या इंजेक्शनाने कूर्चा पुन्हा तयार होते, असे सांगतात. ते घ्यावे का?
– एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : कूर्चेत, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्या नसतात आणि पेशीही विरळ असतात, त्यामुळे तिची झीज हाडासारखी आपोआप भरून येत नाही. अस्थिमज्जेतून (हाडांच्या आतील मगजातून) किंवा चरबीतून काढलेल्या मूलपेशी (इतर प्रकारच्या पेशींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशी, ‘स्टेम सेल’) सांध्यात सोडल्यावर त्यांतील फारच थोड्या तेथे टिकतात. त्यांनी स्रवलेल्या द्रव्यांमुळे दाह आणि वेदना काही रुग्णांत कमी होतात, परंतु मूळच्यासारखी गुळगुळीत, भार पेलणारी कूर्चा खात्रीने उगवते, असे सिद्ध झालेले नाही. रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून बसवण्याची पद्धत स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ मध्ये मांडली खरी, पण ती मुख्यतः तरुणांच्या, इजेमुळे पडलेल्या मर्यादित खड्ड्यांसाठी आहे. आईंच्या गुडघ्यांना ती लागू पडेल, असे वाटत नाही.

भारतात २०२२ मध्ये दात्याच्या अस्थिमज्जेपासून बनवलेल्या एका पेशी-उत्पादनाला गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता मिळाली आहे. त्याखेरीज कोणी ‘मूलपेशी’ म्हणून इंजेक्शन देऊ केले, तर ते नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीचा भाग आहे का, हे आधी विचारावे. अशा चाचणीत उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेणे नियमाला धरून नाही. तूर्त उभ्याने काढलेला एक्स-रे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावा, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत आणि उकिडवे बसणे शक्य तितके टाळावे.